थांबायचं कुठे, हे ॲसिडला कळत नाही

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्नेहमेळावा समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे. आपल्या टेक्निकल विभागाचं वर्कशॉप पुन्हा सुरू करायचं ठरलंय, हे सकाळी आपण ऐकलंच. कपाटं उघडली तेव्हा आतले पाने, पकडी, कानशी, हातोडे, छिन्न्या, करवतींच्या फ्रेम, जुने नट-बोल्ट, सगळं गंजाने एकजीव झालेलं निघालं. सुटीत माजी विद्यार्थ्यांनी आणि नववीच्या मुलांनी मिळून ते साफ करायचं, असा बेत आहे. बेत जाहीर झाल्या झाल्या ग्रुपवर सूचना आली, 'एक कॅन ॲसिड आणूया, एका दुपारी सगळं चकाचक.' खाली अंगठ्यांची रांग लागली. मग कुणाला तरी आठवलं, की आपल्यातला एक जण शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं प्लेटिंगचं जॉबवर्क करतो. म्हणून आज मी इथे उभा आहे.

ती सूचना खोटी नाही, हे आधी सांगतो. ॲसिडने गंज जातो, आणि एका दुपारीच जातो. माझ्या शेडमध्ये रोज तेच चालतं. पण ॲसिडचा एक स्वभाव आहे. त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. गंज कुठे संपला, चांगलं लोखंड कुठे सुरू झालं, लोखंड कुठे संपलं आणि माणसाचा हात कुठे सुरू झाला, यातला फरक त्याला नाही. थांबवण्याचं काम आपलं आहे. आज मी जे सांगणार आहे ते एवढंच, की ॲसिड कुठे-कुठे आपल्या नजरेआड काम करत राहतं आणि तिथे त्याला कसं थांबवायचं.

पहिल्यांदा गंज म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. लोखंड, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी हे तिघं एकत्र आले की लोखंडाचं ऑक्साइड तयार होतं. ते मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा अडवतं, म्हणून बिजागरी अडकते, नट फिरत नाही. बाजारात जे ॲसिड म्हणून मिळतं ते बहुतेक हायड्रोक्लोरिक. पुस्तकात आपण त्याला आम्ल म्हणत होतो, वर्कशॉपमध्ये ते ॲसिडच. ते गंजाला गाठतं आणि गंजाचं पाण्यात विरघळणारं क्लोराइड होतं. या क्रियेत बुडबुडे येत नाहीत. बुडबुडे येतात ते गंजाखालच्या चांगल्या लोखंडाला ॲसिड लागल्यावर. ते बुडबुडे हायड्रोजनचे. म्हणजे गंजलेला पाना ॲसिडमध्ये टाकला आणि त्याला सगळीकडून बुडबुडे सुटायला लागले, की ॲसिड आता गंज नव्हे, पाना खातंय. नवखा माणूस बुडबुडे बघून म्हणतो, 'वा, छान काम चाललंय.' आमच्याकडचा जुना कामगार तेव्हा चिमटा उचलतो.

जस्ताचा मुलामा काढताना मात्र खूण उलटी असते. जुना बोल्ट पुन्हा प्लेटिंग करायचा असेल, किंवा जीआयच्या तुकड्याला वेल्डिंग करायचं असेल, तर आधी जस्त काढावं लागतं. जस्तावर वेल्डिंग केलं तर जस्ताचा पांढरा धूर छातीत जातो आणि काही तासांनी हिवताप आल्यासारखी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगवाले त्याच्यावर दूध पितात. दुधाने काही होत नाही. धूर छातीत जाऊ न देणं हाच उपाय. तर जस्त ॲसिडमध्ये टाकलं की पाणी उकळल्यासारखं फसफसतं. जस्त संपत आलं की ती फसफस एकदम बसते. ती बसली की लगेच भाग बाहेर काढायचा, कारण त्यानंतर खालचं लोखंड जायला लागतं. साध्या झिंक प्लेटिंगची जाडी पाच-दहा मायक्रॉनच्या आसपास, ती बघता बघता जाते. गरम जस्तात बुडवून केलेल्या गॅल्वनायझिंगचा थर त्याच्या कित्येक पट जाड, त्याला वेळ लागतो. घड्याळापेक्षा फसफशीवर लक्ष ठेवा.

सगळेच मुलामे जस्ताचे नसतात. आमच्या पिढीतल्या काहींना जुन्या बुलेट, राजदूत, जावा दुरुस्त करायचा छंद आहे, त्यांच्यासाठी हे सांगतो. चकाकणारा क्रोम म्हणजे वरती अगदी पातळ क्रोमियम आणि त्याच्याखाली निकेल. ॲसिडने वरचा क्रोम जातो, पाणी हिरवं होतं, निकेल तसंच राहतं, आणि तुमच्या हातात ना धड क्रोम ना धड लोखंड असा मडगार्ड येतो. वर त्या हिरव्या पाण्याचं काय करायचं हा प्रश्न उरतोच. काही जण ते काम कॉस्टिकच्या पाण्यात वीज सोडून करतात. त्यात पिवळं पाणी तयार होतं, ते सहा संयुजेचं क्रोमियम. ते कर्करोगकारक आहे. हे काम घरच्या अंगणात करायचं नाही. मडगार्ड प्लेटिंगवाल्याकडे द्या.

दुसरा धोका कॅडमियमचा. लष्करी किंवा विमानाच्या जुन्या सामानातले बोल्ट जुन्या बाजारात येतात. त्यांच्यावर सोनेरी पिवळी झाक असते. तशीच झाक आपल्या जस्ताच्या बोल्टवरही असते, त्यामुळे डोळ्यांनी ओळखता येत नाही. कॅडमियम मूत्रपिंडांवर जातं. तेव्हा मुलामा कशाचा आहे हे नक्की माहीत नसेल, तर त्याला ॲसिड नाही, ग्राइंडर नाही आणि वेल्डिंगही नाही.

आता ॲसिड नजरेआड कुठे काम करतं ते बघू. अशा पाच जागा आहेत.

पहिली जागा बाटली. कॅन मोठा असतो, काम थोडं असतं, म्हणून उरलेलं ॲसिड थंड पेयाच्या नाहीतर पाण्याच्या बाटलीत भरून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. पाण्यासारखं दिसणारं ॲसिड पाण्याच्या बाटलीत. त्या बाटलीला हात कोण घालणार? तहानलेलं पोर, नाहीतर ज्याला काहीच माहीत नाही असा पाहुणा. याला एकच नियम. ॲसिड त्याच्या मूळ कॅनमध्येच राहील, त्याच्यावर नाव असेल, ते जमिनीलगत ठेवलेलं असेल आणि कुलपात असेल. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. ओळखपत्र दाखवावं लागतं, कशासाठी हवं ते सांगावं लागतं, दुकानदाराने नोंद ठेवायची असते, आणि अठरा वर्षांखालच्याला विकायचं नसतं. माणसांवरचे ॲसिड हल्ले हे त्यामागचं कारण. म्हणजे आपण ज्याला 'एक कॅन आणूया' म्हणतो, त्याला कायदा विष म्हणतो, हे लक्षात ठेवा.

दुसरी जागा हवा. कारखान्यांना मिळणारं हायड्रोक्लोरिक ॲसिड साधारण ३० ते ३३ टक्क्यांचं. झाकण उघडलं की धूर निघतो. तो धूर म्हणजे ॲसिडच, आणि तो हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचतो. त्याने घसा, डोळे, दात, छाती, सगळ्याला त्रास होतो. शिवाय तो जिथे जाईल तिथलं लोखंड गंजतं. झाकण घट्ट लावलेला कॅनसुद्धा अवजारांच्या कपाटात ठेवून बघा, काही महिन्यांत शेजारच्या ड्रिल आणि कानशी लाल झालेल्या दिसतील. म्हणजे गंज काढायला आणलेलं ॲसिड वर्कशॉपमध्ये ठेवलं, तर ते सगळ्या वर्कशॉपला गंज लावतं. म्हणून काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, आणि ॲसिड पातळ करून. एक भाग ॲसिड आणि दोन भाग पाणी केलं की ते ११-१२ टक्क्यांवर येतं. तेवढं गंजाला पुरतं आणि धूरही फार कमी होतो.

पातळ करताना आपल्या सरांनी प्रयोगशाळेत सांगितलेला नियम सगळ्यांना आठवत असेल. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, हळूहळू. उलट कधीच नाही. तीव्र गंधकाम्ल असेल तर तिथे हा नियम जीवनमरणाचा आहे. त्यात पाणी ओतलं की इतकी उष्णता निघते की पाण्याची जागच्या जागी वाफ होऊन ॲसिड तोंडावर उडतं. हायड्रोक्लोरिक तेवढं तापत नाही, पण हाताला सवय एकच असावी.

नाकाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क ॲसिडची वाफ अडवत नाही. त्याने फक्त आपल्याला धीर येतो, आणि तो खोटा धीर असतो. टाकीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट, वेल्डिंग, ग्राइंडर काही नको. आणि एक गोष्ट घरोघरी सांगा. बाथरूम साफ करताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र करायचं नाही. ब्लीचिंग पावडर असो की बाटलीतलं ब्लीच, ॲसिड मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या खंदकांवर सोडला होता तोच. आमच्या धंद्यात याहून भयंकर जोडी आहे, सायनाइड आणि ॲसिड. काही प्लेटिंगच्या टाक्यांमध्ये सायनाइड असतं. त्यांना ॲसिड मिळालं तर जीव घेणारा वायू निघतो. म्हणून त्या दोन टाक्या दूर, त्यांची गटारंसुद्धा वेगळी.

तिसरी जागा फटी. पकडीच्या रिव्हेटमध्ये, बिजागरीत, पाइपच्या आत, आंधळ्या छिद्रात ॲसिड शिरलं की वरून कितीही धुतलं तरी आतलं निघत नाही. आठवड्याने त्या फटीतून तांबडं पाणी गळायला लागतं. म्हणून भाग पूर्ण सुटा करायचा. जो सुटा होत नाही, त्याला ॲसिड नाही. बीडाच्या वस्तूंनाही ॲसिड नको. आपले व्हाइस बीडाचे आहेत. बीडातलं लोखंड ॲसिड खातं, ग्राफाइट तसंच राहतं, वर काळी मऊ साय येते आणि बारीक छिद्रांत ॲसिड बसून राहतं. व्हाइसला रॉकेल, वायर ब्रश आणि मेहनत. स्टेनलेस स्टीलला हायड्रोक्लोरिकने बारीक खड्डे पडतात. ॲल्युमिनियम तर त्यात विरघळूनच जातं. म्हणून ॲसिडसाठी घरातलं पातेलं घ्यायचं नाही, जाड प्लास्टिकची बादली घ्यायची. फरशीकडेही बघा. आपल्या वर्कशॉपची फरशी शहाबादी आहे, म्हणजे चुनखडीचा दगड. तिच्यावर थेंब पडला की ती फेसाळते.

चौथी जागा पोलादाचं पोट. ही कुणालाच दिसत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. मघाशी मी हायड्रोजनचे बुडबुडे म्हटलं. सगळा हायड्रोजन बुडबुडा होऊन वर जात नाही. थोडा अणुरूपात पोलादाच्या आत शिरतो. मऊ लोखंडाला त्याचं फारसं काही वाटत नाही. पण कडक केलेलं पोलाद, म्हणजे स्प्रिंग, करवतीचं पातं, छिन्नी, जास्त ताकदीचे बोल्ट, हे त्या हायड्रोजनने ठिसूळ होतात. भाग बाहेर काढला तेव्हा सुंदर दिसतो. बसवला, कसला, तरी काही होत नाही. मग काही तासांनी नाहीतर काही दिवसांनी, ताण असताना, काचेसारखा तुटतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९, १२.९ असे आकडे असतात, ते त्याच्या ताकदीचे. १०.९ आणि १२.९ ला ॲसिड दाखवायचं नाही. आम्हाला असे भाग प्लेट करावेच लागतात. तेव्हा प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत ते भट्टीत ठेवतो, साधारण १९० ते २२० अंश सेल्सिअसला, काही तास, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. घरी ते जमत नाही. म्हणून गाडीच्या ब्रेकचा, स्टिअरिंगचा, सस्पेन्शनचा कुठलाही भाग ॲसिडने साफ करू नका. नवा घ्या. शे-दोनशे रुपये वाचवायला गेलेला माणूस तो तुटेल तेव्हा कुठल्या तरी वळणावर असेल.

पाचवी जागा गटार. काम झाल्यावर बादलीत जे उरतं त्यात अजून ॲसिड असतंच, शिवाय विरघळलेलं लोखंड आणि जस्त असतं. ते तसंच गटारात ओतलं तर तिथल्या सडलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. तोही विषारी. आणि आपल्या गावचं गटार शेवटी कुठे जातं? पंचगंगेला. म्हणून आधी ते मारायचं, म्हणजे उदासीन करायचं. धुण्याचा सोडा पाण्यात कालवून थोडा थोडा घालायचा. एकदम घातला तर फेस उतू जातो. फसफस थांबली की लिटमस लावून बघायचा. तांबडा लिटमस निळा होईपर्यंत सोडा घाला, म्हणजे लोखंड आणि जस्त दोन्ही गाळ होऊन खाली बसतात. तो हिरवट गाळ हवेत हळूहळू तांबूस होतो. म्हणजे इतका खटाटोप करून काढलेला गंज शेवटी परत गंजच होतो. आमच्यासारख्या कारखान्यांना वापरलेलं ॲसिड आणि हा गाळ घातक कचरा म्हणून हिशेबाने द्यावा लागतो. शाळेच्या कामातलं जे काही जस्ताचं पाणी आणि गाळ निघेल, ते कॅनमध्ये भरून माझ्याकडे पाठवा. माझ्या शेडमध्ये सांडपाणी प्रक्रियेची व्यवस्था आहे, तिथे ते जाईल. शाळेच्या गटारात आणि बागेत ते जाऊ नये.

आता शाळेच्या कामाबद्दल माझं म्हणणं स्पष्ट सांगतो. नववीच्या मुलांच्या हातात हायड्रोक्लोरिक ॲसिड द्यायचं नाही. आणि त्याची गरजही नाही. आपल्या आया-आज्या तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख करायच्या. तेही आम्लच. आपल्या लहानपणी गल्लीत येणारा कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर निघायचा. उष्णतेने त्या नवसागरातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचीच वाफ निघते आणि ती भांड्यावरचं ऑक्साइड खाऊन कथलाला जागा करून देते. म्हणजे आम्लाने धातू साफ करणं आपल्याला नवं नाही. प्रश्न फक्त किती जोराचं आम्ल वापरायचं एवढाच आहे.

मुलांसाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व. एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम. त्यात पाने, हातोड्यांची डोकी, करवतीच्या फ्रेम, बिजागऱ्यांचे सुटे भाग रात्रभर ठेवायचे. अधूनमधून ब्रश मारून बघायचं आणि गंज सुटला की काढायचं. दोन-तीन दिवस विसरायचं नाही, कारण थांबायचं कुठे ते लिंबूसत्त्वालाही कळत नाही, ते फक्त हळू चालतं. हातमोजे आणि चष्मा इथेही हवाच. आणि दुसरी, आपल्या उसाच्या मुलखाला शोभणारी युक्ती सांगतो. मळी. एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी. जुन्या गाड्यांचे शौकीन जगभर ही वापरतात. आठवडा-दोन आठवडे लागतात, आंबूस वास येतो, पण गंज सुटतो आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. एका बादलीत लिंबूसत्त्व, एका बादलीत मळी ठेवा, दोन्हींत सारखेच गंजलेले नट टाका आणि मुलांना रोज वहीत नोंद करायला लावा. विज्ञानाचा एक धडा आयताच होईल.

करवतीची पाती, कानशी, छिन्न्या, स्प्रिंग यांना मात्र दोन्ही बादल्या नकोत. त्यांना तेल आणि वायर ब्रश. उरलेले, मुलामा काढायचे किंवा फारच खाल्लेले जाड भाग आम्ही मोठी माणसं माझ्या शेडवर नेऊ. तिथे टाक्या आहेत, पंखे आहेत, पाणी आहे आणि रोज हेच करणारी माणसं आहेत.

कुठलंही आम्ल वापरा, क्रम एकच. तेल आणि ग्रीस आधी गरम पाण्याने आणि साबणाने काढायचं, कारण तेलाच्या थराखाली आम्ल पोचत नाही आणि मग काम डाग-डाग होतं. मग पाणी. मग आम्ल. मग भरपूर पाणी. मग सोड्याचं पाणी, फटीत उरलेलं मारायला. पुन्हा पाणी, शेवटचं गरम असेल तर उत्तम, म्हणजे भाग लवकर वाळतो. आणि वाळल्या वाळल्या तेल किंवा प्रायमर. यात चहाला जायचं नाही. नुकतंच उघडं पडलेलं लोखंड दमट हवेत काही मिनिटांत पिवळं पडतं.

बाजारातल्या एका वस्तूबद्दल वेगळं सांगायलाच हवं. स्टेनलेसचे कठडे करणारे फॅब्रिकेटर वेल्डिंगचा काळा डाग काढायला पिकलिंग पेस्ट लावतात. तिच्यात बहुधा हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. काही गंजाचे डाग काढणाऱ्या द्रावणांतही त्याच्या जातीची रसायनं असतात. हे ॲसिड कातडीतून आत जातं, सुरुवातीला कधीकधी दुखतही नाही, आणि आत जाऊन रक्तातला कॅल्शियम ओढून घेतं. हृदय थांबेपर्यंत वेळ येऊ शकते. त्याला कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि ताबडतोब दवाखाना लागतो. लेबलवर फ्लोराइड किंवा हायड्रोफ्लोरिक असा शब्द दिसला तर ती वस्तू शाळेच्या फाटकाच्या आत येऊ देऊ नका.

आता अपघात झाला तर काय. आमच्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये एका पोराच्या डोळ्यात ॲसिडचा शिंतोडा गेला. वीज गेलेली, बोअरची मोटर बंद, नळाला थेंब नाही. शेजारच्या शेडमधल्या बायकांनी पिण्याच्या पाण्याचे दोन माठ त्याच्या डोळ्यांवर रिते केले. त्याची दृष्टी वाचली. त्या दिवसापासून आमच्या रांगेतल्या सगळ्या शेडमध्ये एक नियम झाला. आधी पाण्याचं पिंप भरायचं, मग ॲसिडचं झाकण उघडायचं. शाळेतही, लिंबूसत्त्वाच्या बादलीशेजारीसुद्धा, स्वच्छ पाण्याचं पिंप हवंच.

डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवायचं आणि मग डॉक्टर. अंगावर सांडलं तर कपडे लगेच काढायचे, लाजायचं नाही, आणि तितकाच वेळ पाणी. कातडीवर सोडा चोळायचा नाही, हळद, तूप, टूथपेस्ट काही लावायचं नाही. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, कारण जाताना जेवढं जाळलं तेवढंच येताना जाळेल. तोंड धुवायचं आणि बाटली बरोबर घेऊन दवाखाना गाठायचा. काम करताना साधा चष्मा चालत नाही, चारी बाजूंनी बंद असणारा गॉगल हवा. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, एप्रन, गमबूट. आणि पँट बुटाच्या बाहेर, आत खोचलेली नाही, नाहीतर सांडलेलं सगळं बुटात जातं.

मुलांनो, हे सगळं ऐकून घाबरायचं नाही. भीतीने हात थरथरतो आणि थरथरत्या हातातूनच सांडतं. माझ्या शेडमध्ये वीस-वीस वर्षं ॲसिडच्या टाकीवर काम केलेली माणसं आहेत. त्यांचे डोळे, हात, दात शाबूत आहेत. ती फार शूर आहेत म्हणून नव्हे, तर ती रोज तोच क्रम पाळतात म्हणून. शंभराव्या दिवशीसुद्धा गॉगल लावतात. क्रम कंटाळवाणा असतो, तो कंटाळा करायचा नाही, एवढंच या धंद्यातलं शहाणपण.

मी हा क्रम मोठ्या अक्षरांत एका फलकावर लिहून आणला आहे. तो वर्कशॉपच्या दाराशी लावावा अशी मुख्याध्यापकांना विनंती करतो. गॉगल, हातमोजे, लिटमस आणि धुण्याचा सोडा माझ्याकडून. सुटीतल्या पहिल्या दिवशी मी स्वतः हजर असेन. वर्गमित्रांनो, ग्रुपवर ज्यांनी ज्यांनी अंगठे दिले होते, त्यांनी त्या दिवशी हातही द्यावेत. वायर ब्रश भरपूर आहेत.